बालकांचे घोरणे आणि टाळूची रुंदी : दंतवैद्याकडे केव्हा पाठवावे?

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या बालरुग्णांमध्ये वारंवार होणाऱ्या प्रतिश्यायाचे रुग्ण नेहमीच अधिक असतात. 'सर्दी मोडतच नाही', 'नाक सदा चोंदलेले असते', 'खाल्लेले अंगी लागत नाही' ही पालकांची तक्रार ठरलेली असते. आपण कफाचे प्राबल्य पाहतो, अग्निमांद्य पाहतो, सितोपलादी किंवा तालीसादी चूर्ण देतो, पथ्य सांगतो. आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि महिन्याभरात मूल पुन्हा दारात उभे असते. या सर्व काळात 'मूल झोपते कसे?' हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. आहार, स्वप्न आणि ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ चरकाचार्यांनी सांगितले. पैकी आहाराची चौकशी आपण तपशिलाने करतो. निद्रेबाबत 'झोप लागते का?' एवढे विचारून पुढे जातो. मूल घोरत असेल तर उलट 'गाढ झोपते' असेच उत्तर मिळते.

हा लेख लिहिण्यास कारण झालेला रुग्ण सात वर्षांचा मुलगा होता. वारंवार प्रतिश्याय आणि कास यांसाठी तो सुमारे दोन वर्षे माझ्याकडे येत होता. मधल्या काळात किडलेल्या दाढेसाठी आईने त्याला दंतवैद्याकडे नेले. त्या दंतवैद्यांनी दाढ भरलीच, शिवाय आईजवळ मला देण्यासाठी एक चिठ्ठी दिली. टाळू अरुंद आणि उंच आहे, वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूस बसतात, दात घासल्याच्या खुणा आहेत, तरी मूल रात्री घोरते का ते पाहावे, एवढाच मजकूर होता. आईला विचारले तेव्हा तिने सहज सांगितले, की तो मान मागे टाकून झोपतो, घामाने उशी भिजते, मधूनच श्वास थांबल्यासारखा वाटतो आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास घेतो. अंथरूण अजूनही ओले होते. हे सर्व तिने मला आधी का सांगितले नाही, असे क्षणभर वाटले. परंतु मी विचारले नव्हते हे खरे. जिव्हापरीक्षेसाठी त्याचे तोंड मी प्रत्येक भेटीत उघडून पाहिले होते. नजर जिभेवरून वर टाळूकडे गेली नव्हती.

टाळू म्हणजे नाकाची जमीन

दंतवैद्यकाचा श्वसनाशी संबंध काय, अशी शंका प्रथमदर्शनी येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शारीरात आहे. तोंडाचे छत असलेला कठिण तालू हाच नासागुहेचा तळ होय. तालू अरुंद आणि कमानीसारखा उंच असेल तर वरची नासागुहाही अरुंद राहते. वाहकाची त्रिज्या थोडी कमी झाली तरी वायूच्या वहनाला होणारा अवरोध अनेक पटींनी वाढतो; म्हणून एक-दोन मिलिमीटरचा फरकही बालकाच्या बाबतीत किरकोळ समजता येत नाही. शिवाय जबडा अरुंद असेल तर जिभेला वर बसायला जागा मिळत नाही. ती खाली आणि मागे राहते आणि झोपेत स्नायू शिथिल झाले की घशाची वाट आणखी अडवते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. वरच्या जबड्याला आकार देण्यात जिभेचा वाटा असतो. ओठ मिटून नाकाने श्वास घेणाऱ्या बालकाची जीभ विश्रांतीच्या वेळी टाळूला टेकलेली असते. ती आतून आधार देते, गाल बाहेरून दाब देतात आणि दोहोंच्या समतोलातून दातांची कमान तयार होते. नाक बंद असले की तोंड उघडावे लागते, जीभ खाली उतरते, आतला आधार जातो आणि गालांचा दाब एकटाच उरतो. ही स्थिती वर्षानुवर्षे राहिली तर जबडा रुंदीत कमी वाढतो, खालचा जबडा खाली-मागे फिरतो, चेहरा लांबट होतो. म्हणजे नाक बंद म्हणून टाळू अरुंद आणि टाळू अरुंद म्हणून नाक अधिक बंद, असे चक्र सुरू होते.

हे केवळ तर्क नव्हेत. कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्ये नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड ग्रंथींची वाढ आणि तिची लक्षणे वर्णिली. १८८९ मध्ये विल्यम हिल यांनी मुलांच्या मंदपणामागे नाक-घशाचा अवरोध असू शकतो असे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले. १८९२ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात विल्यम ऑस्लर यांनीही अशा मुलांचे रात्रीचे घोरणे, मंद चेहरा आणि अभ्यासातील मागासपणा यांची सांगड घातली. पुढे स्वीडनच्या लिंडर-आरोन्सन यांनी १९७० च्या सुमारास ग्रंथिवृद्धी असलेल्या मुलांचे चेहरे मोजून पाहिले. अमेरिकेत हार्वोल्ड यांनी कोवळ्या माकडांची नाके कृत्रिमरीत्या बंद केली, तेव्हा त्यांच्या जबड्यांत आणि दातांच्या ठेवणीत बदल झाले. मात्र प्रत्येक माकडाने तोंडाने श्वास घेण्याची आपापली वेगळी तऱ्हा शोधली आणि व्यंगही त्यानुसार वेगवेगळे झाले. ही शेवटची बाब मला विशेष वाटते. एकाच हेतूने प्रत्येक रुग्णात एकच लक्षण उत्पन्न होत नाही, हे आपल्याला नव्याने शिकण्याची गरज नाही. अरुंद जबडा कधी आनुवंशिकही असतो. प्रत्येक अरुंद टाळूमागे बंद नाक असते असे समजू नये.

झोपेतील श्वासरोध

१९७६ मध्ये ख्रिस्तियन गिलमिनो आणि सहकाऱ्यांनी आठ मुलांमधील झोपेतील श्वासरोधाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून हा बालकांचाही स्वतंत्र विकार मानला जाऊ लागला. आज घोरणाऱ्या मुलांची संख्या बरीच असली तरी खरा श्वासरोध साधारणतः १ ते ५ टक्के मुलांत आढळतो. २ ते ८ वर्षे या वयात तो अधिक दिसतो, कारण या काळात घशाच्या मानाने टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड मोठे असतात. रात्रभराच्या निद्रापरीक्षणात, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफीत, तासाला किती वेळा श्वास अडतो ते मोजतात. प्रौढांत तासाला पाचपर्यंतची संख्या सामान्य धरतात. बालकांत एकापेक्षा अधिक झाली तरी ती विकृत समजतात आणि दहाच्या वर गेल्यास तीव्र.

प्रौढ रुग्ण दिवसा पेंगतो. मूल बहुधा पेंगत नाही, ते चिडचिडे आणि अतिचंचल होते. शाळेतून तक्रारी येतात, एखाद्याला चंचलतेचे औषधही सुरू होते. वाढ खुंटणे, अंथरुणात मूत्रप्रवृत्ती, सकाळी शिरःशूल, झोपेत दात खाणे, उघड्या तोंडामुळे वरच्या पुढच्या हिरड्या लाल व सुजलेल्या असणे ही लक्षणे सोबत असू शकतात. दात खाण्याला आपल्याकडे सर्रास कृमी म्हणून औषध दिले जाते. कृमी असतील तर ते द्यावेच, परंतु दात खाणारे मूल घोरतेही का, एवढे विचारायला वेळ लागत नाही.

रुंदावण्याचे उपकरण

वरच्या जबड्याचे उजवे-डावे अर्ध मध्यभागी एका सीवनीने जोडलेले असतात. बालवयात ही सीवनी पक्की झालेली नसते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी दाब दिल्यास ती हळूहळू उघडते आणि मधल्या फटीत नवीन अस्थी भरते. हे प्रथम करून दाखविणारे अमेरिकन दंतवैद्य इमर्सन एंजल. १८६० मध्ये त्यांनी एका किशोरवयीन मुलीच्या वरच्या दातांमध्ये स्क्रू बसवून दोन आठवड्यांत जबडा रुंद केल्याचे प्रसिद्ध केले. समकालीनांचा त्यावर विश्वास बसला नाही आणि पद्धत जवळजवळ विसरली गेली. शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, अँड्र्यू हास यांनी प्राण्यांवरील प्रयोगांनंतर ती पुन्हा प्रस्थापित केली.

आज ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांची व जबड्यांची ठेवण सुधारणारे दंततज्ज्ञ, वरच्या दाढांना धातूच्या पट्ट्या बसवून त्यांच्या मध्ये टाळूखाली स्क्रू ठेवतात. पालकाने छोट्या चावीने तो रोज एकदा किंवा दोनदा पाव फेरा फिरवायचा असतो. एका वेळी जबडा सुमारे पाव मिलिमीटर सरकतो. दोन-तीन आठवड्यांत अपेक्षित रुंदी मिळते. याच काळात वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये फट पडते. पालक घाबरून आपल्याकडे येतात, म्हणून वैद्याला हे ठाऊक असावे : सीवनी उघडल्याचे ते लक्षण आहे आणि फट बहुधा आपोआप मिटते. त्यानंतर स्क्रू बंद करून उपकरण काही महिने तसेच ठेवतात, कारण नवी अस्थी घट्ट होईपर्यंत जबडा पूर्वस्थितीकडे येऊ पाहतो. पहिले काही दिवस नाकाच्या मुळाशी व दातांत ताण जाणवतो, लाळ वाढते, उच्चार बोबडे होतात. आहार मृदू ठेवावा. चिक्की, चॉकलेट यांसारखे चिकट पदार्थ टाळावेत आणि उपकरणाखाली अन्न अडकते म्हणून प्रत्येक भोजनानंतर गुळण्या कराव्यात. इथे आपला कवल उपयोगी पडतो, पण पाच वर्षांखालील बालकास कवल देऊ नये हा वाग्भटांचा दंडक लक्षात ठेवून.

श्वासरोधावर या उपायाचा परिणाम होतो का? २००४ मध्ये इटलीतील पिरेली, सापोनारा आणि गिलमिनो यांनी ३१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या श्वासरोधाची सरासरी तासाला सुमारे १२ होती. उपचारानंतर सर्वांची एकाच्या खाली आली. हे आकडे पाहून कोणीही हरखून जावे. परंतु ही मुले निवडलेली होती : टाळू अरुंद होता आणि अ‍ॅडिनॉइड वाढलेले नव्हते. तुलनेसाठी उपचार न दिलेला गटही नव्हता. नंतरच्या अभ्यासांत सुधारणा दिसते, पण सर्वांत इतकी पूर्ण नाही. म्हणून अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केले, की श्वासरोधाचे निश्चित निदान वैद्यकीय तज्ज्ञानेच करावे आणि जबड्यात रुंदीची खरी उणीव नसताना केवळ श्वासरोधासाठी तो रुंदावू नये. माझ्या मते हीच भूमिका योग्य आहे. अलीकडे प्रत्येक घोरणाऱ्या मुलाला उपकरण सुचविण्याची, किंवा जिभेखालचा पडदा कापण्याची, जी घाई काही ठिकाणी दिसते तिला या आधाराचे पाठबळ नाही.

टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड मोठे असल्यास पहिला विचार कान-नाक-घसा तज्ज्ञाचाच. मात्र तिथेही सरसकट शस्त्रकर्म हे उत्तर नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांना दोन गटांत विभागले होते. सात महिन्यांनी शस्त्रकर्म झालेल्यांपैकी ७९ टक्के, तर केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांचे निद्रापरीक्षण सामान्य झाले. वर्तन व झोपेचा दर्जा शस्त्रकर्मानंतर अधिक सुधारला, अवधानाच्या चाचणीत फारसा फरक पडला नाही. अतितीव्र रुग्ण या चाचणीत नव्हते, हेही ध्यानात ठेवावे. थोडक्यात, सौम्य रुग्णात काही महिने औषधी चिकित्सा करून पाहण्यास वाव आहे. पण ते काही महिने मोजलेले असावेत. शस्त्रकर्मानंतरही जे मूल घोरत राहते, त्याचा टाळू अवश्य पाहावा. खालचा जबडा लहान व मागे असलेल्या मुलांसाठी वेगळी उपकरणे असतात आणि ती वयात येण्याच्या सुमारास, वाढीच्या वेगात, लावतात; त्यांचा श्वासरोधावरील परिणाम अजून तितका सिद्ध नाही.

आपल्या शास्त्राच्या अंगाने

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात ओष्ठ, दंतमूल, दंत, जिव्हा, तालू, कंठ आणि सर्वसर अशा सात अधिष्ठानांत पासष्ट मुखरोग सांगितले. मुख हे एक सलग क्षेत्र आहे, ही त्यांची दृष्टी दातांना एका आणि घशाला दुसऱ्या दालनात ठेवणाऱ्या आजच्या व्यवस्थेपेक्षा मला अधिक व्यवहार्य वाटते. मात्र आधुनिक नावांशी जोड्या जुळविण्याचा मोह आवरावा. टॉन्सिलवृद्धी म्हणजे तुण्डिकेरी असे आपण सहज लिहितो. सुश्रुतांची तुण्डिकेरी तोद, दाह आणि पाक असलेला शोथ आहे. वर्षानुवर्षे न दुखता वाट अडवून बसलेल्या ग्रंथींना ते वर्णन पूर्णपणे लागू होत नाही. अ‍ॅडिनॉइड तर तोंड उघडून दिसतच नाहीत. कफाने प्राण-उदानाचा मार्ग अवरुद्ध झाला, एवढे म्हटले तरी चिकित्सेची दिशा मिळते.

कफाचा अवरोध द्रव्याने कमी होतो, अस्थीचा आकार द्रव्याने बदलत नाही. हा भेद न केल्यामुळे माझ्या रुग्णाची दोन वर्षे गेली. सीवनी कोवळी असण्याचा काळ मर्यादित असतो. साधारणपणे दुधाचे आणि पक्के दात एकत्र असतात त्या वयात, म्हणजे सहा-सात ते अकरा-बारा वर्षांपर्यंत, हे काम सुलभ होते. किशोरावस्थेत ते क्रमाने अवघड होते आणि प्रौढात पुष्कळदा शस्त्रकर्माची जोड द्यावी लागते. औषधाने अर्धवट बरे वाटत राहिले तर पालक निर्धास्त होतात आणि काळ निघून जातो.

नस्याबाबत एक इशारा देणे आवश्यक आहे. सात वर्षांखालील बालकास नस्य देऊ नये असे वाग्भटांनी सांगितले आहे. प्रतिमर्श मात्र सर्व वयांत चालतो असे मानले जाते. तरीही तान्ह्या मुलाच्या नाकात तेल सोडण्याची घरगुती पद्धत धोक्याची आहे. स्निग्ध द्रव्य खोकला न येताच फुप्फुसात उतरू शकते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाचा आहे. ज्या मुलाचा श्वास झोपेत अडतो त्याला झोपलेल्या स्थितीत नाकात तेल कधीही घालू नये. मोठ्या, सहकार्य करणाऱ्या मुलास प्रतिमर्श द्यायचे तर जागेपणी, बोटाच्या टोकाने लावण्याइतकेच द्यावे.

चिकित्सालयातील तपासणी दोन मिनिटांची आहे. मूल गप्प बसून खेळत असताना ओठ मिटलेले आहेत की उघडे, डोळ्यांखाली काळसर छटा आहे का, ते पाहावे. ओठ मिटायला लावून दोन्ही नाकपुड्यांसमोर आरसा धरावा. तोंड उघडून टॉन्सिलने घशाची निम्म्याहून अधिक रुंदी व्यापली आहे का आणि टाळू पसरट आहे की उंच कमानीसारखा, ते पाहावे. दात मिटवून वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेर येतात की आत, हे गाल बाजूला करून पाहावे. टॉन्सिलचा आकार आणि रोगाची तीव्रता यांचा मेळ नेहमी बसत नाही, म्हणून रात्रीची हकिगत अधिक मोलाची. शेरविन यांनी २००० मध्ये सिद्ध केलेली २२ प्रश्नांची प्रश्नावली यासाठी उपयुक्त आहे. एक-तृतीयांशापेक्षा अधिक उत्तरे होकारार्थी आल्यास पुढील तपासणी करावी. त्याहून सोपे म्हणजे, पालकांना मूल झोपल्यावर दोन-तीन मिनिटांचे मोबाईल चित्रण आणायला सांगावे. श्वास थांबणे, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे दिसल्यास दंतवैद्याकडे नव्हे, तर प्रथम बालरोग किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे. उपकरणाचा खर्च परवडत नसेल तर मुंबई व नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईचे नायर दंत महाविद्यालय किंवा बांबोळी येथील गोवा दंत महाविद्यालय यांच्या ऑर्थोडॉन्टिक विभागांत चौकशी करता येईल.

औषधालयाच्या मालकांसाठी

असे मूल सर्वांत आधी औषधालयाच्या नोंदीत दिसते. तीच आई दर तीन-चार आठवड्यांनी सर्दीचे औषध न्यायला येते. क्लोरफेनिरामिन किंवा प्रोमेथाझिन असलेल्या औषधांनी मूल गुंगते आणि शांत झोपल्याचा भास होतो. श्वास अडणाऱ्या मुलाला अशी गुंगी हितावह नाही. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली देऊच नये. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांस देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचे आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले आहेत. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच-सात दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते. रात्री तोंडाला पट्टी चिकटविण्याची जी टूम आली आहे, ती नाक बंद असलेल्या मुलासाठी घातक आहे. अशा पट्ट्या मुलांसाठी मागितल्यास विकू नयेत.

आपल्या औषधांचेही एक आहे. मधात कालवलेले चूर्ण, अवलेह, साखरेचे पाक आपण रात्री झोपताना द्यायला सांगतो. झोपेत लाळ आधीच कमी होते. उघड्या तोंडाने झोपणाऱ्या मुलाचे तोंड त्याहून कोरडे पडते आणि गोड थर रात्रभर दातांवर राहतो. माझ्या रुग्णाची ती किडलेली दाढ अशाच सवयीची असावी असे मला आता वाटते. अवलेह द्यायचे तर सायंकाळी द्यावेत आणि नंतर पाण्याने गुळणी करून दात घासायला सांगावे.

त्या मुलाच्या निद्रापरीक्षणात श्वासरोध निश्चित झाला. टॉन्सिल व अ‍ॅडिनॉइड काढल्यानंतर घोरणे बरेच कमी झाले, पण थांबले नाही. दोन महिन्यांनी टाळू रुंदावण्याचे उपकरण बसविले. सोळाव्या दिवशी पुढच्या दातांत फट दिसली म्हणून आई सकाळीच चिकित्सालयात आली होती. आता उपकरण निघाले आहे, फट मिटली आहे, अंथरूण कोरडे राहते. पावसाळ्याच्या तोंडाशी प्रतिश्याय अजून होतो आणि त्यासाठी तो माझ्याकडेच येतो. त्याच्या धाकट्या बहिणीचा टाळू मी पहिल्याच भेटीत पाहिला. तो पसरट आहे.